जस्ताची गोळी आणि गर्भातील बाळ : बुरशीनाशकांसंबंधी एक अभ्यास

उमरगा तालुक्यातील शेती गेल्या दोन पिढ्यांत फार पालटली. ज्वारी, करडई आणि तुरीच्या रानांत सोयाबीन आले, पाणी आले तेथे ऊस आला, जिल्ह्याच्या काही भागांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पिकांबरोबर औषधेही आली. आज मृगाच्या पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याला थायरम किंवा कार्बेन्डाझिम चोळणे, तुरीवरील मर रोगासाठी बीजप्रक्रिया करणे, भाजीपाल्यावर करपा दिसताच मॅन्कोझेबची पिवळसर पावडर पंपात कालवणे, या गोष्टी घरोघरी परिचयाच्या झाल्या आहेत. कीटकनाशक म्हटले की आपण दचकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. बुरशीनाशकाविषयी मात्र तशी भीती नाही. ते 'साधे औषध' मानले जाते. चोळलेले बियाणे ओंजळीत घेऊन सरीत टाकणारे हात बहुधा स्त्रियांचे असतात आणि त्यांतील काही गरोदर असतात.

या स्मरणिकेच्या वाचकांत शेतमजूर आई-बाप आहेत, शाळेतून बाहेर पडून संसाराला लागलेल्या माजी विद्यार्थिनी आहेत, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्याही आहेत. त्यांच्याकडून वारंवार येणारा एक प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. गरोदरपणी जस्त, सेलेनियम यांसारख्या खनिजांच्या गोळ्या घेतल्या, तर बुरशीनाशकांमुळे होऊ शकणाऱ्या जन्मजात व्यंगापासून बाळाचे रक्षण होते काय? प्रश्न भाबडा नाही. त्याच्या मुळाशी खरे प्रयोग आहेत. म्हणूनच त्याचे उत्तर एका 'हो' वा 'नाही'त देऊन भागणार नाही.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणत्याही समाजात जन्मणाऱ्या दर शंभर बालकांपैकी साधारण दोन-तीन बालकांत काही ना काही मोठे जन्मजात व्यंग आढळते. त्यांतील बहुसंख्यांचे नेमके कारण सांगता येत नाही. आपल्याकडे या अज्ञानाची जागा ग्रहणाने भरून काढली जाते. बाळाचा ओठ दुभंगलेला असला, तर आईने ग्रहणात विळी हाती धरली असेल असे म्हणतात आणि सारा दोष त्या बाईच्या पदरात टाकला जातो. ग्रहणाला दोष देणे जितके निराधार, तितकेच प्रत्येक व्यंगाचे खापर फवारणीवर फोडणेही निराधार ठरेल. तथापि काही बुरशीनाशके गर्भाला इजा करू शकतात, याविषयी शास्त्रात संशय उरलेला नाही.

माणसांत याचा सर्वांत दारुण पुरावा इराकमध्ये मिळाला. १९७१च्या अखेरीस तेथील शेतकऱ्यांना पेरणीसाठी परदेशी गहू व जव देण्यात आले. त्या बियाण्याला मिथिल पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते आणि ओळख पटावी म्हणून त्यास लाल-गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवरील इशारे परक्या भाषांत छापलेले. पेरणीचा हंगाम टळून गेलेला, घरात दाणा कमी. लोकांनी बियाणे धुतले, रंग निघून गेला आणि रंगाबरोबर विषही गेले असे समजून त्याच्या भाकऱ्या केल्या. नोंदींनुसार ६,५३० रुग्ण दवाखान्यांत दाखल झाले आणि ४५९ दगावले. ज्या स्त्रिया त्या काळात गरोदर होत्या, त्यांच्यापैकी अनेकींची बाळे मेंदूला इजा घेऊन जन्मली. काहींना दृष्टी नव्हती, काहींचे हातपाय ताठलेले होते. आई मात्र काही वेळा वरवर बरी दिसत होती. आईला जे सोसवते ते गर्भाला सोसवत नाही, हा धडा त्या घटनेने जगाला दिला. आपल्याकडेही उसाच्या टिपऱ्यांच्या बेणेप्रक्रियेत पारायुक्त औषध वापरात होते. तेही पाऱ्याचेच, जरी इराकमधील संयुगाहून वेगळे. मेथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड या नावाच्या त्या औषधावर भारत सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली. बेनोमिल हे बुरशीनाशकही त्याच आदेशाने बंद झाले.

आता खनिजांकडे वळू. या कथेचा प्रारंभ बुरशीनाशकापासून होत नाही, उपासमारीपासून होतो. १९६६ साली कॅलिफोर्नियात ल्युसिल हर्ली आणि हेलन स्वेनर्टन यांनी गाभण उंदरांना जस्त वगळलेला आहार दिला. त्या माद्यांच्या पिलांत मेंदू, टाळू, हाडे, बोटे अशा अनेक अवयवांची व्यंगे मोठ्या प्रमाणावर आढळली. याचे कारण समजण्यास अवघड नाही. गर्भात पेशी झपाट्याने दुभंगत असतात. गुणसूत्रांची नक्कल करणारी आणि जनुकांना चालू-बंद करणारी कित्येक प्रथिने जस्ताचा अणू धरल्याशिवाय काम करीत नाहीत. भिंत उभी राहत असताना गवंड्याच्या हातचा ओळंबा काढून घ्यावा, तसे ते होते.

मॅनेब, झायनेब, मॅन्कोझेब, प्रोपिनेब, थायरम, झायरम ही सारी डायथायोकार्बामेट कुळातील बुरशीनाशके होत. या कुळाचा गुणधर्म असा की, त्यांचे रेणू धातूंना, विशेषतः जस्त व तांबे यांना, घट्ट पकडून ठेवतात. बुरशी मरते त्यामागेही हे एक कारण आहे. मग साहजिकच शंका आली : आईच्या शरीरात हेच रेणू गर्भाच्या वाट्याचे जस्त पळवीत असतील काय? १९७६ साली स्वीडनमधील के. एस. लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शंका प्रयोगाला लावली. गाभण उंदरांना मॅनेबची मोठी मात्रा दिली असता पिलांत व्यंगे निर्माण झाली. त्याच मात्रेसोबत झिंक ॲसिटेट, म्हणजे जस्ताचा क्षार, दिला असता व्यंगे टळली. खनिज गोळीच्या बाजूने जी काही आशा आहे, ती मुख्यत्वे या प्रयोगावर उभी आहे, आणि प्रयोग खरा आहे.

पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिले पाहिजे. त्या प्रयोगांत शरीराच्या दर किलो वजनामागे शेकडो मिलिग्रॅम औषध एकाच वेळी पोटात घातले होते. किलोमागे पाचशे मिलिग्रॅम धरले, तरी पन्नास किलो वजनाच्या स्त्रीने पंचवीस ग्रॅम पावडर एका दमात गिळावी, असे ते प्रमाण होते. जस्तही त्याच वेळी, तितक्याच नेमकेपणाने दिले गेले. आपल्या शेतातील बाईच्या अंगात औषध जाते ते थोडे थोडे, कातडीतून, श्वासातून, हातावरून भाकरीत. आणि नेमके कोणत्या दिवशी गेले हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय मॅन्कोझेबमध्ये मुळातच मँगनीज सुमारे वीस टक्के आणि जस्त दोन-अडीच टक्के असते. 'मॅन्कोझेब मारले की पीक हिरवे पडते' असे शेतकरी म्हणतात, त्यामागे हीच खनिजे आहेत. म्हणजे जस्त ज्याच्या रेणूतच बसलेले आहे, तेही औषध मोठ्या मात्रेत उंदरांच्या गर्भाला घातक ठरलेच.

खरी अडचण पुढे आहे. मॅनेब, झायनेब, मॅन्कोझेब आणि मेटिराम यांचे विघटन होऊन इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो. त्याला संक्षेपाने ईटीयू म्हणू. १९७३ साली कॅनडातील के. एस. खेरा यांनी दाखवून दिले की, ईटीयूच्या अगदी कमी मात्रेनेही उंदरांच्या पिलांत मेंदू व मज्जारज्जूची व्यंगे होतात आणि तेव्हा आईला काही झालेले दिसतही नाही. सशांमध्ये मात्र तसे परिणाम दिसले नाहीत. एका प्राण्यात जे घडते ते दुसऱ्यात घडेलच असे नाही, हे येथे ध्यानी घ्यावे. ईटीयू जस्त पळवून इजा करीत नाही. तो थायरॉईड ग्रंथीतील एका विकराला अडवतो आणि गर्भाच्या मेंदूवरही परिणाम करतो. मग आयोडीन वाढवावे का? तेही पुरेसे नाही. आयोडीनपासून संप्रेरक बनविणारा विकरच अडलेला असेल, तर कच्चा माल कितीही ओतला तरी चक्की फिरत नाही. आयोडीनयुक्त मीठ प्रत्येक गरोदर स्त्रीला हवेच. पण ते तिच्या नेहमीच्या गरजेसाठी, ईटीयूवर उतारा म्हणून नव्हे.

कार्बेन्डाझिम आणि त्याचा सख्खा भाऊ बेनोमिल यांची तऱ्हा आणखी निराळी. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडे ओढणारे सूक्ष्म धागे असतात. हे औषध त्या धाग्यांच्या प्रथिनाला चिकटते आणि विभाजन थांबवते. येथे कोणत्याही खनिजाची चोरी होत नाही, त्यामुळे खनिज परत देऊन भरपाई होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बेनोमिलसंबंधी कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात झालेला एक प्रयोग मात्र आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यात उंदरांच्या पिलांच्या डोळ्यांची व मेंदूची व्यंगे अभ्यासली गेली. ज्या माद्यांच्या आहारात प्रथिने कमी होती, त्यांच्या पिलांत हानी अधिक आढळली. उपाशी आईवर विष अधिक चालते, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डोळ्यांविना जन्मलेल्या एका मुलाच्या वतीने बेनोमिलच्या उत्पादकाविरुद्ध दावा झाला होता. १९९६ मध्ये ज्यूरीने चाळीस लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. मधल्या न्यायालयाने ती रद्द केली आणि २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. शास्त्रज्ञांत त्या प्रकरणावर मतभेद राहिले. एका बालकाच्या व्यंगाचे एकच कारण सिद्ध करणे किती अवघड असते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही हल्लीची ॲझोल कुळातील औषधे बुरशीतील एका विकराला रोखतात. आपल्या शरीरातही त्या विकराचे नातेवाईक आहेत. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या आम्लाचे गर्भातील प्रमाण जे विकर सांभाळतात, त्यांना या कुळातील काही औषधे मोठ्या मात्रेत अडथळा करतात. येथेही जस्ताला काही काम नाही. पाऱ्याच्या बाबतीत सेलेनियमची कथा जस्तासारखीच आहे. १९६७ साली प्रागमधील संशोधकांनी दाखवले की, सेलेनियम दिल्यास उंदरांवरील पाऱ्याचे विष बरेच सौम्य होते. पण सेलेनियम हेच अधिक मात्रेत विषारी आहे. केस गळतात, नखे ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. पाऱ्याची बाधा झालेल्या स्त्रीला सेलेनियम देऊन बाळ वाचवता येते, असा आधार त्यातून मिळत नाही.

तेव्हा उत्तर असे निघते. एका कुळातील काही औषधांच्या मोठ्या मात्रेपासून, प्रयोगशाळेतील उंदरांत, जस्ताने रक्षण केले. इतर कुळांची इजा वेगळ्या वाटेने होते आणि तेथे खनिजाचा मार्गच लागू पडत नाही. शेतात काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे गोळीने रक्षण झाले, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. दुकानदार 'ताकदीची गोळी' म्हणून जस्ताची पाकिटे पुढे सरकवतो आणि बाई ती घेऊन निर्धास्तपणे बियाणे चोळू लागते, हे मला ग्रहणाच्या समजुतीहून अधिक धोक्याचे वाटते. ग्रहणाच्या समजुतीने ती निदान काही तास घरात तरी बसते.

काळाचाही एक हिशेब आहे, आणि गोळीच्या भरवशाला तोच सर्वांत मोठा धक्का देतो. मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. हृदय, हातपाय, ओठ, टाळू यांची घडण मुख्यतः आठव्या आठवड्यापर्यंत होते. आपल्याकडे पाळी चुकून, खात्री होऊन, दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत हा काळ बहुधा निघून गेलेला असतो. शासकीय योजनेतील लोह व फॉलिक ॲसिडची गोळी, साठ मिलिग्रॅम लोहाची, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस दिली जाते. रक्तक्षयावर ती अमूल्य आहे, ती एक दिवसही चुकवू नये. पण मज्जारज्जूची नळी त्यापूर्वीच मिटलेली असते. फॉलिक ॲसिड हे खनिज नसून जीवनसत्त्व आहे. १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीत असे दिसले की, ज्या मातांना आधी मज्जारज्जूच्या व्यंगाचे बाळ झाले होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका सुमारे बहात्तर टक्क्यांनी घटला. म्हणून मूल व्हावे असे ठरताच, पाळी चुकण्याची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने चारशे मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिड गोळी सुरू करावी. ही बुरशीनाशकावरची ढाल नव्हे, परंतु जन्मजात व्यंगाविरुद्ध माणसांत सिद्ध झालेला उपाय आहे. गोळ्यांत निवड करायचीच असेल तर ही करावी.

जस्त अनावश्यक आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला दिवसाला सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम जस्त लागते. मराठवाड्यातील काळ्या, चुनखडीच्या जमिनींत जस्ताची उणीव सर्रास आढळते, आणि जमिनीत नाही ते दाण्यात कोठून येणार? ज्वारीतील फायटेट जस्ताला धरून ठेवते, ही वेगळी गोष्ट. मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणले, पीठ आंबवून आंबील किंवा धपाटी केली, की फायटेट कमी होते आणि जस्त अंगी लागते. आपल्या आजीबाईंच्या स्वयंपाकात हे शास्त्र होतेच, फक्त नाव नव्हते. अंडी, मासे, मांस, तीळ, शेंगदाणे यांतूनही जस्त मिळते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. त्याच्या दाण्यात लोह व जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा अधिक आहे. चार सऱ्या का होईना, घरच्या खाण्यापुरता तो वाण पेरावा, असे मला मनापासून वाटते. याउलट जस्ताच्या जास्त ताकदीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास अंगातील तांबे घटते, आणि तांब्याची उणीव हीदेखील गर्भाला घातकच. डायथायोकार्बामेट आधीच तांबे पकडणारे, त्यात जस्ताचा अतिरेक, म्हणजे उपाय आणि अपाय एकाच ताटात.

रक्षणाचा खरा मार्ग विषाचा संपर्क तोडण्याचा आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात केळीच्या बागांवर विमानातून मॅन्कोझेब फवारतात. तेथील मतीना भागात २०१० पासून साडेचारशेच्या आसपास गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांच्या लघवीतील ईटीयूचे प्रमाण इतरत्रच्या सामान्य लोकांच्या मानाने पाचपटींहून अधिक निघाले. बागेच्या अगदी जवळ राहणाऱ्या स्त्रियांत ते जास्त होते. आणि आणखी एक बाब समोर आली, जी आपल्या घरांना थेट लागू पडते : आदल्या दिवशी शेतातील कामाचे कपडे धुतलेल्या स्त्रियांतही ते अधिक होते. फवारणी नवरा करतो, पंप तो पाठीवर घेतो, आणि सदरा-लुंगी धुण्यास पडते ती गरोदर बायकोच्या पुढ्यात. तेव्हा फवारणी करणाऱ्या पुरुषाने आपले कपडे स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत. बाळाच्या दुपट्यांत ते मिसळू नयेत. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या आणि गरोदर स्त्रीने बीजप्रक्रिया, द्रावण कालवणे, चोळलेले बियाणे हाताळणे ही कामे करू नयेत. मजुरीच्या बाईला हे सांगणे सोपे, पाळणे कठीण, याची मला जाणीव आहे. म्हणून हे वाक्य तिच्यापेक्षा रानाच्या मालकासाठी आणि टोळीच्या मुकादमासाठी लिहिले आहे. त्यांनी तिला दुसरे काम द्यावे, रोज कापू नये.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहूनही फसू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग १९७१च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे केवळ एवढेच सांगतात की, ते औषध एकदम पोटात गेल्यास किती मात्रेने प्राणी मरतो. दर किलोमागे पाच हजार मिलिग्रॅमहून अधिक लागत असेल तर त्रिकोण हिरवा. मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम या हिरव्या रांगेतले. गर्भाविषयी तो रंग एक अक्षरही बोलत नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला, तो ते प्रजननास घातक आणि संप्रेरकांत बिघाड करणारे ठरल्यामुळे. भारत सरकारनेही मे २०२०च्या मसुद्यात सत्तावीस औषधांवर बंदी सुचविली होती. त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, थायरम, झायनेब, झायरम ही सारी नावे होती. २०२३च्या अंतिम निर्णयात त्या यादीतील बुरशीनाशकांपैकी केवळ डिनोकॅप बंद झाले. बाकीची दुकानांत आहेत.

ईटीयू उष्णतेने वाढतो, हे घरच्या मंडळींनी लक्षात ठेवावे. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिलेले मॅन्कोझेबचे फुटके पाकीट नव्या पाकिटाहून अधिक घातक असू शकते. भाजीवर राहिलेले मॅन्कोझेब शिजवताना ईटीयूत रूपांतरित होते, म्हणून टोमॅटो, वांगी, द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि मगच चिरावीत. ते पृष्ठभागावर राहणारे औषध असल्याने धुण्याचा चांगला उपयोग होतो. कार्बेन्डाझिम मात्र झाडाच्या आत शिरते आणि धुऊन जात नाही. तेथे फवारणी व तोडणी यांमधील, लेबलावर छापलेले दिवस पाळणे एवढाच उपाय. उरलेले रंगीत बियाणे कोंबड्यांना घालू नये, दळूही नये. इराकच्या लोकांनी रंग धुतला होता.

एवढे करूनही एखाद्या घरात व्यंग असलेले बाळ जन्माला आले, तर त्या आईला कोणी जाब विचारू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत होते, आणि दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे छिद्र, मज्जारज्जूचे व्यंग यांवरील उपचार विनामूल्य मिळतात. वाकड्या पावलावर प्लास्टरचे उपचार पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाल्यास बहुतेक मुले सरळ चालू लागतात. म्हणून बाळंतपणानंतर आशाताईंनी घरी येऊन बाळाला उघडे करून नीट पाहावे आणि काही आढळल्यास त्याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयातील पथकाकडे पाठवावे. तपासणी-पत्रकावर आई-वडिलांच्या कामाची, फवारणीची आणि हाताळलेल्या औषधाच्या नावाची नोंद करावयास त्यांना आवर्जून सांगावे, आणि रिकामे पाकीट सोबत न्यावे.